चोरांच्या गोष्टी आणि नातीचा प्रश्न

वैजापूरला सुटीत नातीच्या हातात चोर-मारेकऱ्यांची जादूई कादंबरी दिसली. मी ती रागाने काढून घेतली. ती म्हणाली, "आबा, माझ्या वयाचे असताना तुम्ही काय वाचायचात?"

मी गप्पच झालो. देवकीनंदन खत्रींची १८८८ची हिंदी 'चंद्रकांता' मी चोरूनच वाचली होती! तिच्यातले ऐयार म्हणजे राजांचे हेर. वेश पालटायचे, दोराची कमंद टाकून भिंती चढायचे, बेशुद्धीची पूड हुंगवून माणसे पळवायचे. तरी त्यांच्या जगात दंडक होता : पकडलेल्या ऐयाराला मारायचे नाही, कैद करायचे. एवढ्या लबाड्यांतून माझ्या मनात उरले ते त्यांचे धन्याशी इमान.

श्रोतेहो, कायद्याबाहेरचा माणूसही कुठे थांबतो, हेच मुले अशा गोष्टींत शोधत असावीत. पुस्तक मी परत केले. तिचे झाले की मी वाचणार आहे.