मक्याच्या कोवळ्या पानावर पांढरे पट्टे? युरिया थांबवा, जस्त पाहा

धामणगाव रेल्वे : नत्र कमी पडलं तर मक्याची आधी खालची, जुनी पानं पिवळी पडतात. पण वरच्या कोवळ्या पानांवर बुडाकडून पांढरे पट्टे दिसले, तर बहुतेक जस्त कमी आहे. युरियाची आणखी एक बॅग म्हणजे पैसा मातीतच! हवेतला कार्बन वापरायला पानाला ‘कार्बोनिक अनहायड्रेज’ हे एंझाइम लागतं, आणि ते जस्ताशिवाय चालत नाही. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत जस्त असूनही मुळांना मिळत नाही. डीएपी जास्त झालं की आणखीच अडतं. माती तपासून पेरणीवेळी एकरी ८ ते १० किलो झिंक सल्फेट शेणखतातून द्या, डीएपीत मिसळू नका. उभ्या पिकावर १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५ ग्रॅम चुन्याची गाळलेली निवळी घालून फवारा.