होडीतला संसार आणि गॅसची काळजी

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर फालमाउथ नावाचं बंदर आहे. तिथे काही माणसं शिडाच्या होडीतच संसार करतात. लहानसा ओटा, झोपायला बाकं, एवढंच घर. टाकीतलं पाणी संपलं की छोट्या होडीने किनाऱ्यावर जाऊन कॅन भरून आणायचे. शेगडी पाळण्यासारखी टांगलेली असते, म्हणजे होडी कलली तरी भांडं सरळ राहतं.

सगळ्यात जास्त जपावं लागतं ते गॅसला. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली बसतो. होडीचा तळ म्हणजे जणू खोल परात. तिथे साठलेला गॅस बाहेर पडत नाही आणि एका ठिणगीने भडका उडतो. म्हणून सिलिंडर वेगळ्या, आतून बंदिस्त खणात ठेवतात. खणाच्या तळाशी नळी असते, तिच्यातून गळलेला गॅस होडीबाहेर जातो. स्वयंपाक झाला की शेगडीबरोबर सिलिंडरही बंद करतात.

आपल्या घरातही गॅस जमिनीलगतच पसरतो. म्हणून सिलिंडर खड्ड्यात किंवा बंद कपाटात ठेवू नका. रात्री रेग्युलेटर बंद करूनच झोपा. वास आला तर काडी ओढू नका, विजेच्या कुठल्याही बटणाला हात लावू नका. रेग्युलेटर बंद करा. नुसती खिडकी पुरत नाही, गॅस खालून जातो, म्हणून दारही सताड उघडा. मुलांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरूनच १९०६ या नंबरवर फोन करा.