एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन ग्रामीण जीवन : कौटुंबिक पत्रांच्या आधारे एक अभ्यास

प्रास्ताविक

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेचा इतिहास सामान्यतः राष्ट्राध्यक्ष, युद्धे, लोहमार्ग आणि औद्योगिक प्रगती यांच्या अनुषंगाने सांगितला जातो. परंतु त्या काळातील बहुसंख्य अमेरिकन माणसे शहरांत राहत नव्हती. इ. स. १८०० मध्ये सुमारे ९४ टक्के, तर १८६० मध्ये सुमारे ८० टक्के लोकसंख्या ग्रामीण होती. शतक संपतानाही निम्म्याहून अधिक लोक खेड्यांत वा विखुरलेल्या शेतवस्त्यांवर राहत होते. या लोकांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत आणि त्यांच्याविषयी वृत्तपत्रांतही फारसे छापून आले नाही. मात्र त्यांनी पत्रे लिहिली. माहेरी, सासरी, दूर गेलेल्या भावाला वा रणांगणावरील पतीला लिहिलेली ही पत्रे कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या जपून ठेवली आणि पुढे त्यांतील काही अभिलेखागारांत दाखल झाली.

प्रस्तुत लेखात या पत्रांच्या आधारे तत्कालीन ग्रामीण जीवनाचे स्वरूप स्पष्ट करण्याचा, तसेच इतिहासाचे साधन म्हणून या पत्रांचे सामर्थ्य व मर्यादा तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

टपालव्यवस्था आणि पत्राचे स्वरूप

पत्रात काय लिहिले गेले हे समजण्यासाठी प्रथम पत्र कसे जात असे हे पाहणे आवश्यक आहे. १८१६ च्या कायद्यानुसार एका कागदाच्या पत्रास ३० मैलांपर्यंत ६ सेंट, तर ४०० मैलांपलीकडे २५ सेंट आकार पडत असे. कागद दोन झाले की आकार दुप्पट होई आणि पाकीट वापरल्यास तोही एक कागद धरला जाई. शेतमजुराची मासिक मजुरी दहा डॉलरांच्या आसपास असताना दूरच्या एका पत्राचा खर्च हा त्याच्या एका दिवसाच्या कमाईचा बराच मोठा भाग होता. शिवाय हा आकार बहुधा पत्र घेणाराच भरत असे. त्यामुळे पत्र आले ही आनंदाची बाब असली, तरी ते सोडवून घेण्यासाठी घरात पैसे असावे लागत.

या दरांचा परिणाम पत्रांच्या रूपावर स्पष्ट दिसतो. एकच मोठा कागद घेऊन त्याच्या कडांपर्यंत मजकूर भरला जाई. जागा संपली की कागद आडवा फिरवून आधीच्या ओळींना छेद देणाऱ्या नव्या ओळी लिहिल्या जात. मग तो कागद घडी घालून लाखेने बंद केला जाई आणि बाहेरच्या कोऱ्या भागावर पत्ता येई. वृत्तपत्र पाठविण्याचा आकार मात्र अगदी कमी होता. म्हणून काही लोक जुन्या वृत्तपत्रातील अक्षरांखाली टाचणीने छिद्रे पाडून निरोप कळवीत. टपालखात्याचा नियम मोडून केलेली ही काटकसर ग्रामीण कुटुंबांची निकड दाखविते.

१८४५ च्या सुधारणेने कागदांच्या संख्येऐवजी वजन हा आकारणीचा आधार ठरला. अर्ध्या औंसास ३०० मैलांपर्यंत ५ सेंट व त्यापुढे १० सेंट असा दर झाला. १८४७ मध्ये पहिली टपाल तिकिटे निघाली. १८५१ मध्ये आगाऊ आकार भरलेले साधे पत्र ३ सेंटमध्ये ३००० मैलांपर्यंत जाऊ लागले आणि १८५५ मध्ये आकार आगाऊ भरणे सक्तीचे झाले. डेव्हिड हेन्किन यांनी ‘द पोस्टल एज’ (२००६) या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे या स्वस्ताईने पत्रलेखन ही सर्वसामान्यांची सवय बनली.

असे असले तरी पत्र घरपोच मिळण्याची सोय खेड्यांत नव्हती. मोठ्या शहरांत १८६३ पासून मोफत घरपोच वाटप सुरू झाले. शेतकऱ्याला मात्र काही मैल चालून वा घोडागाडीने टपाल कचेरीत जावे लागे. ही कचेरी म्हणजे बहुधा गावातील किराणा दुकानाचाच एक कोपरा असे. ग्रामीण भागातील मोफत टपाल वाटपाचा प्रयोग १८९६ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया राज्यात सुरू झाला आणि १९०२ मध्ये ती कायम सेवा झाली. म्हणजेच एकोणिसाव्या शतकातील ग्रामीण पत्र हे प्रामुख्याने स्वतः जाऊन आणलेले पत्र होते. दुकानात जमलेल्या शेजाऱ्यांसमक्ष ते हाती येई, घरी मोठ्याने वाचले जाई व पुढे नातेवाइकांत फिरे. आजच्या अर्थाने ते खासगी नव्हते.

पत्रांतील दैनंदिन जीवन

या पत्रांचा आरंभ ठरावीक साच्याचा असतो. लेखणी हाती घेण्याचे कारण, घरच्या सर्वांचे क्षेम आणि तिकडील मंडळीही तशीच असावीत ही इच्छा, असा त्याचा क्रम असे. मराठी वाचकास ‘पत्रास कारण की’ या परिचित मायन्याची येथे आठवण होईल. हा साचा पोकळ नव्हता. हिवतापाने व बाळंतपणाने माणसे अकस्मात दगावत असलेल्या समाजात आपण सर्व जिवंत आहोत हीच पत्रातील पहिली बातमी होती.

त्यानंतर हवामान, पीक, जनावरे, गहू व मका यांचे भाव, कोणी जमीन विकली, कोणाचे लग्न ठरले, कोण वारले, असा मजकूर येतो. आधुनिक वाचकाला तो कंटाळवाणा वाटण्याचा संभव आहे. परंतु स्थलांतर करावे की नाही, बियाणे केव्हा पेरावे, धान्य आता विकावे की थांबावे, हे निर्णय याच माहितीवर घेतले जात. पत्रासोबत बियाणे, नव्या पोशाखाच्या कापडाचा तुकडा, क्वचित मृत बालकाच्या केसांची बट पाठविली जाई. यावरून पत्र हे भावना व्यक्त करण्याचे साधन होते, तसेच विखुरलेल्या कुटुंबाचा कारभार चालविण्याचेही साधन होते, असे दिसून येते.

या दृष्टीने अब्राहम लिंकन यांची आपल्या सावत्र भावास, जॉन जॉन्स्टन यांस, लिहिलेली पत्रे उद्बोधक आहेत. वडील थॉमस लिंकन इलिनॉयमधील कोल्स काउंटीत अंथरुणास खिळलेले असताना १२ जानेवारी १८५१ रोजी लिंकन यांनी उत्तर पाठविले. आपल्या लेखनाने काही भले होईल असे न वाटल्यामुळे आधीच्या दोन पत्रांना उत्तर दिले नाही, अशी कबुली त्यांनी त्यात दिली. पाच दिवसांनी वडिलांचे निधन झाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधील पत्रात जमीन विकून मिसूरीस जाऊ पाहणाऱ्या जॉन्स्टन यांना त्यांनी खडसावले. तेथील जमीन इथल्यापेक्षा चांगली आहे काय आणि श्रमाविना तेथे तरी धान्य पिकेल काय, असा त्यांचा रोख होता. बाप-लेकातील दुरावा आणि जमिनीवरून भावाभावांतील मतभेद हे ग्रामीण कुटुंबाचे नित्याचे ताण येथे एकत्र दिसतात.

ऑब्लिंगर कुटुंब : एक उदाहरण

१८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर सरकारी जमीन, पाच वर्षे तेथे राहून ती कसण्याच्या अटीवर, नाममात्र शुल्कात मिळू लागली. या जमिनीच्या ओढीने पश्चिमेकडे गेलेल्या कुटुंबांपैकी एक म्हणजे ऑब्लिंगर कुटुंब. त्यांची सुमारे ३००० पाने भरतील एवढी पत्रे नेब्रास्का राज्याच्या इतिहाससंस्थेने जतन केली असून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या अंकीय संग्रहातही ती समाविष्ट झाली.

युरायाह ऑब्लिंगर हे १८७२ मध्ये पत्नी मॅटी व लहान मुलगी एला यांना इंडियानात ठेवून नेब्रास्कातील फिलमोर काउंटीत गेले. पुढील काही महिने पती-पत्नींचा संसार पत्रांतूनच चालला. जमीन कशी आहे, शेजारी कोण, येताना कोणते सामान आणावे, याचा तपशील त्यांत येतो. १८७३ च्या एप्रिलमध्ये ईस्टरच्या सुमारास आलेल्या भीषण हिमवादळाची हकीकतही युरायाह यांनी कळविली.

मॅटी १८७३ च्या वसंतात तेथे पोहोचल्या. त्या माळरानावर झाडे विरळ असल्याने लाकडी घर परवडत नसे. नांगराने काढलेले गवताळ मातीचे थर विटांप्रमाणे रचून घर उभारले जाई. ते हिवाळ्यात उबदार व उन्हाळ्यात थंड राही, परंतु पावसात त्याचे छत गळे. जूनमधील पत्रात मॅटी यांनी माहेरच्या मंडळींना आपण आता स्वतःच्या घरात, तेही मातीच्या घरात, राहत असल्याचे कळविले. त्या वाक्यात तक्रारीपेक्षा अभिमान अधिक आहे. कारण भाड्याने दुसऱ्याची शेती करणाऱ्या कुटुंबाला स्वतःची भूमी हा प्रतिष्ठेचा प्रश्न होता. १८७४ मध्ये टोळधाडीने नेब्रास्कातील पिके फस्त केली, तरीही कुटुंब तेथेच टिकून राहिले.

१८८० मध्ये मॅटी यांचा बाळंतपणात मृत्यू झाला आणि संग्रहातील त्यांचा आवाज येथे थांबतो. पुढे युरायाह यांनी दुसरा विवाह केला आणि कुटुंब मिनेसोटा, कॅन्सस, मिसूरी असे फिरत राहिले. होमस्टेड कायद्याचे यश सांगताना मिळालेल्या जमिनीचे आकडे दिले जातात. त्या जमिनीची किंमत कोणी व कशी चुकविली हे मात्र अशा पत्रांतूनच कळते.

ज्यांना लिहिण्याची मुभा नव्हती

आतापर्यंतची उदाहरणे गोऱ्या कुटुंबांची आहेत आणि हा योगायोग नव्हे. दक्षिणेकडील अनेक राज्यांत गुलामांना लिहावाचावयास शिकविणे कायद्याने निषिद्ध होते. १८७० च्या जनगणनेत कृष्णवर्णीयांतील निरक्षरतेचे प्रमाण सुमारे ८० टक्के, तर गोऱ्यांतील सुमारे ११.५ टक्के आढळले. म्हणूनच गुलामगिरीतील कुटुंबांची जी थोडी पत्रे उपलब्ध आहेत, त्यांचे मोल विशेष आहे.

व्हर्जिनियातील ब्रेंट्सव्हिल येथे गुलामगिरीत असलेल्या हॅरिएट न्यूबी यांची १८५९ मधील तीन पत्रे हे त्याचे हृदयद्रावक उदाहरण होय. त्यांचे पती डेंजरफील्ड न्यूबी मुक्त झाले होते व पत्नी-मुलांना विकत घेऊन सोडविण्याचा प्रयत्न करीत होते. या पत्रांत बाळ रांगू लागल्याची वार्ता आहे. ही वार्ता कोणत्याही आईने लिहावी अशीच आहे. परंतु त्याच पत्रव्यवहारात मालकाला पैशाची गरज असल्याने आपली विक्री होईल ही धास्ती आणि लवकर येऊन आपल्याला सोडवावे ही विनवणीही आहे. डेंजरफील्ड हे जॉन ब्राऊन यांच्या हार्पर्स फेरी येथील उठावात सामील झाले व १७ ऑक्टोबर १८५९ रोजी मारले गेले. ही पत्रे त्यांच्याजवळ सापडली. पुढे हॅरिएट यांना लुइझियानात विकण्यात आले. ही पत्रे कोणा वारसाने जपली नाहीत. उठावाच्या चौकशीतील पुरावा म्हणून ती सरकारी दप्तरात गेली आणि केवळ त्यामुळे टिकली.

गुलामगिरी संपुष्टात येत असताना जॉर्डन अँडरसन यांनी ७ ऑगस्ट १८६५ रोजी ओहायोतील डेटन येथून टेनेसीतील आपल्या पूर्वीच्या मालकास पाठविलेले उत्तरही असेच महत्त्वाचे आहे. शेतावर परत येण्याच्या निमंत्रणाला त्यांनी दुसऱ्याकडून लिहवून घेतलेल्या या पत्राद्वारे उत्तर दिले. स्वतःच्या ३२ वर्षांच्या श्रमांची महिना २५ डॉलर दराने आणि पत्नी मॅन्डी यांच्या २० वर्षांच्या श्रमांची आठवड्यास २ डॉलर दराने त्यांनी ११,६८० डॉलर मजुरी मागितली. मुलांच्या शाळेचा व मुलींच्या सुरक्षिततेचा प्रश्नही त्यांनी त्यात उपस्थित केला. शेतीच्या हिशेबाची जी भाषा ग्रामीण पत्रांत सर्वत्र आढळते, तीच येथे न्यायाची भाषा बनली आहे.

साधन म्हणून मर्यादा

पत्रांचा उपयोग करताना काही बाबींचे भान ठेवणे आवश्यक आहे. पहिली बाब अशी की, उरलेली पत्रे ही लिहिलेल्या पत्रांचा अल्प अंश आहेत. स्थिर घर असलेल्यांची पत्रे टिकली, तर वारंवार स्थलांतर करणाऱ्यांची हरवली. दुसरी बाब म्हणजे, मोठ्याने वाचल्या जाणाऱ्या पत्रात दांपत्यातील बेबनाव, कर्ज वा अपयश यांचा उल्लेख टाळला जाणे स्वाभाविक होते. गरोदरपणाविषयी तर अनेकदा मूल जन्मल्यावरच बातमी येते. अशा वेळी पत्रातील मौनही वाचावे लागते. तिसरी बाब अशी की, पश्चिमेस गेलेल्या व्यक्तीस आपला निर्णय योग्य ठरवावयाचा असे. त्यामुळे नव्या भूमीची वर्णने करप्रपत्रे, जनगणना व हवामानाच्या नोंदी यांच्याशी ताडून पाहणे इष्ट ठरते.

येथे एका मराठी साधनाचा उल्लेख उचित होईल. १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत वास्तव्य केलेल्या पंडिता रमाबाई यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ १८८९ मध्ये प्रसिद्ध केला. मॅटी ऑब्लिंगर यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांच्या आतच एका मराठी विदुषीने त्या देशातील स्त्रियांच्या स्थितीचे केलेले हे निरीक्षण आहे. प्रवासी बाहेरून समाज पाहतो, तर पत्रलेखिका त्या समाजाच्या आतून लिहिते. ही दोन्ही साधने एकत्र वाचल्यास तत्कालीन अमेरिकन स्त्रीजीवनाचे चित्र अधिक समतोल होऊ शकेल.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन ग्रामीण पत्र हे टपालदर, साक्षरता, जमीन आणि कुटुंब यांच्या परस्परसंबंधातून घडलेले साधन आहे. त्यात मोठ्या घटना क्वचित येतात, परंतु त्या घटनांचे ओझे वाहणारी माणसे येतात. भावाला उत्तर देण्यास कचरणारे लिंकन, मातीच्या घराचा अभिमान बाळगणाऱ्या मॅटी, बाळाच्या रांगण्याची वार्ता आणि सुटकेची याचना पतीला कळविणाऱ्या हॅरिएट आणि बत्तीस वर्षांचा हिशेब मांडणारे जॉर्डन अँडरसन, या सर्वांनी कागदाच्या एका तुकड्यावर दूर असलेल्या माणसापर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न केला. त्या तुकड्यांचा काळजीपूर्वक अभ्यास केल्याशिवाय त्या शतकाचा सामाजिक इतिहास पूर्ण होऊ शकत नाही.