बुद्धिबळाचे चित्र कानाने कसे बघायचे?

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, बुद्धिबळ आणि कॉम्प्युटर, यात आमच्या गटाचे काय काम? काम आहे. जरा शेवटपर्यंत ऐका.

बुद्धिबळ हा काही फक्त शहरातल्या मुलग्यांचा खेळ राहिलेला नाही. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जिया देशातल्या बातुमी शहरात महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. अंतिम फेरीत तिच्यासमोर होती आंध्र प्रदेशची कोनेरू हंपी. म्हणजे पटाच्या दोन्ही बाजूंना आपल्याच देशाच्या लेकी. त्याआधी कितीतरी वर्षे, १९७४ साली, आपल्या देशात महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली तेव्हा ती मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली होती. पुढे त्यांच्या बहिणी जयश्री आणि रोहिणी यांनीही तो मान पुन्हा पुन्हा मिळवला. आता आपल्या गावच्या शाळांतही मुली पट मांडून बसतात.

पण या मुलींमध्ये एखादी दृष्टिहीन मुलगी असेल तर? आपण पटकन म्हणून टाकतो, तिला कसे जमणार. खरे तर ज्या थोड्या खेळांत न बघणारी व्यक्ती बघणाऱ्या व्यक्तीशी बरोबरीने खेळू शकते, त्यातला हा एक आहे. तिच्यासाठी वेगळा पट मिळतो. त्यात प्रत्येक घराला भोक असते आणि मोहऱ्याच्या तळाला खुंटी, म्हणजे चाचपताना मोहरे पडत नाहीत. काळी घरे पांढऱ्या घरांपेक्षा किंचित उंच असतात. काळ्या मोहऱ्यांच्या डोक्यावर बारीक टोक असते, म्हणून हाताला रंग कळतो. दोन्ही खेळाडू आपापली खेळी तोंडाने मोठ्याने सांगतात. आपल्याकडे दृष्टिहीन खेळाडूंचा अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ आहे आणि तो उभा करण्यात मुंबईच्या चारुदत्त जाधव यांचा मोठा वाटा आहे.

मग अडते कुठे?

अडते पुस्तकापाशी. बुद्धिबळ शिकायचे तर कोडी सोडवावी लागतात. पुस्तकात पटाचे चित्र छापलेले असते आणि खाली एकच ओळ: ‘पांढऱ्याची खेळी, एका खेळीत मात.’ बघणारी मुलगी चित्र बघते आणि डोके लढवते. न बघणारी मुलगी फोनवर ते पान उघडते. फोनमध्ये टॉकबॅक नावाची सोय असते, ती पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवते. कॉम्प्युटरवर हेच काम एनव्हीडीए नावाचा प्रोग्राम करतो आणि तो फुकट मिळतो. हे वाचक खालची ओळ नीट वाचतात. पण चित्रापाशी आले की बहुधा ‘चित्र’ एवढेच म्हणतात आणि पुढे जातात. कोडे तर त्या चित्रातच होते!

आमचीही अडचण तीच आहे. रेडिओवरून आम्ही तुम्हाला पट दाखवू शकत नाही. म्हणून चित्राचे शब्द करायला शिकणे हे तिचेही काम आणि आमचेही.

पटाचा पत्ता

पटावर ६४ घरे असतात. आठ आडव्या ओळी, आठ उभ्या. पांढऱ्याच्या बाजूने बसलो की सगळ्यात जवळची आडवी ओळ १ आणि सगळ्यात लांबची ८. उभ्या ओळींना डावीकडून उजवीकडे इंग्रजी अक्षरे: ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच. उभ्या ओळीचे अक्षर आणि आडव्या ओळीचा आकडा जोडला की घराचा पत्ता तयार. जसे ‘जी १’, म्हणजे डावीकडून सातवी उभी ओळ आणि तळाची आडवी ओळ.

आता पटाचे चित्र एका ओळीत लिहायची एक जुनी युक्ती ऐका. १९व्या शतकात स्कॉटलंडमध्ये डेव्हिड फोर्साइथ या पत्रकाराने ती काढली. पुढे स्टीव्हन एडवर्ड्स यांनी ती कॉम्प्युटरसाठी बेतली, म्हणून तिला फोर्साइथ-एडवर्ड्स पद्धत म्हणतात. तिचे नियम स्वयंपाकाच्या मापाइतके सोपे आहेत.

वरच्या, म्हणजे आठव्या आडव्या ओळीपासून सुरुवात करायची आणि डावीकडून उजवीकडे जायचे. मोहरा आला की त्याचे अक्षर लिहायचे. रिकामी घरे आली की ती मोजून आकडा लिहायचा. ओळ संपली की तिरकी रेघ मारून खालच्या ओळीवर यायचे. इंग्रजीत पांढऱ्याला मोठी अक्षरे आणि काळ्याला लहान अक्षरे वापरतात. मराठीत मोठी-लहान अक्षरे नाहीत, म्हणून समजायला आम्ही एक सोय केली: पांढऱ्याला साधे अक्षर आणि काळ्याला काना. राजा र, वजीर व, हत्ती ह, उंट ट, घोडा घ, प्यादे प. काळ्याचा राजा रा, काळ्याचे प्यादे पा. ‘काळ्याला काना’ एवढे लक्षात ठेवा.

एक कोडे घेऊ. पांढऱ्याचा राजा जी १ वर, हत्ती ई १ वर, प्यादी एफ २, जी २ आणि एच २ वर. काळ्याचा राजा जी ८ वर आणि त्याच्यापुढे त्याचीच तीन प्यादी, एफ ७, जी ७, एच ७. हे एका ओळीत असे लिहिले जाते:

६रा१/५पापापा/८/८/८/८/५पपप/४ह१र१

पहिला तुकडा पाहा. सहा घरे रिकामी, मग काळा राजा, मग एक घर रिकामे. सहा, एक आणि एक मिळून आठ. प्रत्येक तुकड्याची बेरीज आठच यायला हवी. बचतीच्या वहीत आपण उभी बेरीज आडव्या बेरजेशी ताडून बघतो ना, तसाच हा ताळा. शेवटी खेळी कोणाची आहे ते लिहायला विसरायचे नाही. त्याशिवाय कोडे अपुरे राहते. पूर्ण पद्धतीत त्यापुढे किल्लेकोट करायचा हक्क शिल्लक आहे का यासारख्या आणखी चार बारीक गोष्टी येतात.

कॉम्प्युटर इथे काय करतो?

ही एक ओळ कॉम्प्युटरला आवडते, पण माणसाला ऐकायला अवघड जाते. तिथे पायथन कामाला येते. पायथन ही कॉम्प्युटरला काम सांगायची भाषा आहे. तिचे नाव अजगरावरून नाही, इंग्लंडमधल्या एका विनोदी कार्यक्रमावरून ठेवले आहे. या भाषेत ‘चेस’ नावाची एक फुकट लायब्ररी मिळते. निक्लास फीकस यांनी ती लिहिली आहे. लायब्ररी म्हणजे इथे पुस्तकांची खोली नव्हे, कोणीतरी आधी करून ठेवलेले आणि सगळ्यांना वापरता येणारे काम. गटाची गिरणी असली की प्रत्येकीला घरी जाते ओढावे लागत नाही. तसेच हे. घोडा कसा चालतो, शह कधी बसतो, हे त्या लायब्ररीला आधीच ठाऊक असते.

कॉलेजात कॉम्प्युटर शिकणारी मुलगी गावात असेल तर तिला एवढेच सांगा: ‘चेस’ लायब्ररी बसव, तिला ती ओळ इंग्रजी अक्षरांत दे आणि पट छापायला सांग. दोन-तीन ओळींचे काम आहे. मग पडद्यावर आठ ओळी येतात. रिकाम्या घराला टिंब आणि मोहऱ्याला अक्षर. अक्षरे इंग्रजी असतात, पण ती बदलून मराठी करायला आणखी थोड्याच ओळी लागतात. आपले कोडे असे दिसेल:

. . . . . . रा .
. . . . . पा पा पा
. . . . . . . .
. . . . . . . .
. . . . . . . .
. . . . . . . .
. . . . . प प प
. . . . ह . र .

हे चित्र नाही, साधा मजकूर आहे. कोणत्याही फोनवर जातो. ब्रेल छापणाऱ्या यंत्रावर काढला तर बोटाने वाचता येतो.

मात्र कानासाठी हे रूप बरोबर नाही. फोन ही पाटी वाचू लागला की ‘टिंब, टिंब, टिंब’ ऐकून जीव नकोसा होईल, किंवा तो टिंबे गाळून टाकेल आणि मोहरा कोणत्या घरात आहे तेच कळणार नाही. म्हणून त्याच लायब्ररीकडून तिसरे रूप काढून घ्यायचे. कोणत्या घरात कोणता मोहरा आहे याची यादी ती देते. त्या यादीची वाक्ये करायची:

पांढरा: राजा जी १, हत्ती ई १, प्यादी एफ २, जी २, एच २.
काळा: राजा जी ८, प्यादी एफ ७, जी ७, एच ७.
खेळी पांढऱ्याची.

रिकाम्या घरांचा उल्लेखच नाही. ६४ घरांऐवजी नऊ मोहरे लक्षात ठेवायचे. हे ऐकून मुलगी आपल्या खुंटीच्या पटावर कोडे मांडू शकते. बोटाला अंतर आणि ओळी कळतात, कानाला नावे कळतात. म्हणून मजकूर करताना आधी विचारायचे, तो कोण वाचणार आहे आणि कशाने.

अजून एक अडचण आहे. बी, सी, डी, ई, जी ही अक्षरे फोनवर एकसारखीच ऐकू येतात. म्हणून दृष्टिहीनांच्या आंतरराष्ट्रीय खेळात उभ्या ओळींना माणसांची नावे देतात: आना, बेला, सीझर, डाव्हिड, एव्हा, फेलिक्स, गुस्ताव, हेक्टर. आपण आपल्या शेतातली नावे देऊ या: अननस, बोर, सीताफळ, डाळिंब, इडलिंबू, फणस, गाजर, हरभरा. मग राजा ‘गाजर एक’ आणि प्यादे ‘फणस दोन’. स्पर्धेला गेल्यावर तिथली नावे शिकावी लागतील, पण ओसरीवर ही चालतील.

चुका कुठे होतात?

ही लायब्ररी छापील चित्र बघून ओळखत नाही. चित्र बघून ती एक ओळ लिहिण्याचे काम माणसाचे. फोटोवरून पट ओळखणारे वेगळे प्रोग्राम आहेत, पण ते उंटाला प्यादे समजू शकतात. हाताने मांडायचे असेल तर लिचेस या फुकट संकेतस्थळावर पट मांडायची जागा आहे. तिथे मोहरे ठेवले की ती ओळ आपोआप तयार होते.

काही चुका लायब्ररी पकडते. एखाद्या ओळीची बेरीज आठ आली नाही तर ती ओळ घेतच नाही. राजा राहून गेला किंवा प्यादे पहिल्या नाहीतर आठव्या ओळीवर ठेवले, तर विचारल्यावर हा पट चुकीचा आहे असे सांगते. पण घोड्याच्या जागी उंट लिहिला तर तिला कळणार नाही, कारण तसाही पट असू शकतो. त्यावर उपाय दोघींनी मिळून करायचा. एकीने लिहिलेला मजकूर वाचायचा, दुसरीने पुस्तक न बघता पट मांडायचा, आणि मग मांडलेला पट चित्राशी ताडून बघायचा.

हे का जपायचे? चुकीच्या पटावर मुलगी तासभर डोके लढवते, उत्तर सापडत नाही आणि शेवटी तिला वाटते की आपल्यालाच जमत नाही. चूक लिहिणाऱ्याची आणि हिरमोड तिचा, असे होता कामा नये. आणखी एक पथ्य: पटाच्या मजकुरातच उत्तर लिहू नका. बघणाऱ्या मुलीला जेवढे दिसते तेवढेच हिलाही द्या. विचार करण्याचा आनंद तिचाही आहे.

आपल्या कोड्याचे उत्तर मात्र आता सांगतो. पांढऱ्याने हत्ती ई १ वरून सरळ ई ८ वर न्यायचा. काळ्या राजाला शह बसतो. तो एफ ८ किंवा एच ८ वर पळाला तरी हत्तीचा मारा तिथे आहेच. पुढे सरकावे तर स्वतःचीच तीन प्यादी वाट अडवून उभी. हत्तीला मारायला किंवा मधे यायला कोणी नाही. मात! राखणीला उभे केलेल्यांनीच राजाला कोंडले.

मैत्रिणींनो, हा धडा पटापुरता नाही. आपण गटाच्या बैठकीची सूचना कागदावर लिहून तिचा फोटो पाठवतो. रेशनची, शिबिराची माहितीही चित्र म्हणूनच फिरते. गटातल्या ज्या बहिणीला दिसत नाही, तिच्या फोनला त्यातले काहीच वाचता येईल याचा भरवसा नाही. फोटोखाली तोच मजकूर टाइप करून टाकायला दोन मिनिटे लागतात.

या आठवड्यात दोन गोष्टी करून बघा. शाळेतल्या बुद्धिबळाच्या पुस्तकातले एक सोपे कोडे घ्या, दोघी मिळून त्याचा मजकूर करा आणि एखाद्या मुलीला डोळे मिटून ऐकायला सांगा. तिला पट मांडता आला तर तुमचा मजकूर बरोबर. आणि गटाचा पुढचा निरोप चित्राबरोबर शब्दांतही पाठवा. आजूबाजूला दृष्टिहीन मुलगी असेल तर तिला पटापाशी बोलवा, आणि पहिली खेळी तिला करू द्या.