भैंसोल्याचे पार्क आणि बागची भट्टी

मध्य प्रदेशात, धार जिल्ह्यातल्या बदनावर तालुक्यात, भैंसोला येथे १७ सप्टेंबर २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली. त्याच्या तीनच आठवडे आधी, २७ ऑगस्टपासून, अमेरिकेने कापडासह बहुतेक भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लागू केले होते. बांगलादेश आणि व्हिएतनामला ते तेव्हा २० टक्के होते. गुंतवणुकीचे आणि रोजगाराचे आकडे वाचकांनी एव्हाना वाचले असतीलच. दोन हजार एकरांहून मोठ्या या पार्कात बाहेरचे कारखानदार येतील, सूतगिरण्या टाकतील, हे चांगलेच आहे. पण निम्म्याहून अधिक आदिवासी लोकवस्तीच्या या जिल्ह्यातला माणूस तिथे नुसता कामगार म्हणून जाणार, की कधी मालकही होणार? मला हा प्रश्न बाकी सगळ्यांपेक्षा मोठा वाटतो. त्याचे उत्तर शोधायला जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, बागला जावे लागते.

बाघिनी नदीकाठच्या या गावात छपाई करणारे खत्री मूळचे सिंधकडचे. आसपासच्या आदिवासी बायकांच्या घाघऱ्या-ओढण्यांचे कापड ते छापत. १९६०च्या दशकात कृत्रिम धाग्याचे स्वस्त कापड बाजारात आले आणि हे हक्काचे गिऱ्हाईक तुटू लागले. जागतिक स्पर्धा हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता, पण फटका तोच होता. अनेकांनी जुनी छपाई सोडली. इस्माईल सुलेमानजी खत्री यांनी मात्र ठसे तेच ठेवले, लाल-काळा रंग तोच ठेवला आणि गिऱ्हाईक बदलले. घाघऱ्याच्या कापडाऐवजी चादरी आणि साड्या छापायला सुरुवात केली, शहरातल्या घरांसाठी.

हे काम किती नेटाचे आहे ते पाहा. कापड आधी एरंडेल, मीठ आणि बकरीच्या लेंड्या यांच्या मिश्रणात मुरवतात, वाळवतात, मग हिरड्याच्या पाण्यातून काढतात. लाल रंगासाठी तुरटी, काळ्यासाठी हिराकस. दोन्ही चिंचोक्याच्या खळीत कालवून सागवानी ठशाने दाबतात. छापून झालेले कापड वाहत्या नदीत धुतात, कारण साचलेल्या पाण्यात सुटलेला रंग परत कापडाला डाग लावतो. शेवटी तांब्याच्या मोठ्या भांड्यात अलिझरीन आणि धायटीची फुले घालून उकळतात. तुरटीचा ठसा खरा लाल होतो तो इथे, भट्टीवर. तोवर आपले काम जमले की फसले, हे कारागिरालाही पक्के सांगता येत नाही.

बाग छपाईला २००८मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणून स्क्रीनवर छापलेली नक्कल बाजारातून गेली असे मुळीच नाही. तरी हा धंदा टिकला, कारण मालकाला कामाचा कण अन् कण माहीत होता आणि नव्या गिऱ्हाइकापर्यंत पोचण्याची वाट त्याला सापडली. उद्योजकतेच्या शिबिरांत प्रकल्प अहवाल कसा लिहावा हे शिकवतात. ही वाट कुठून जाते, हे तिथे कुणी सांगत नाही.

त्याच राज्यातल्या देवासचे उदाहरण शेतीतले आहे, पण मला ते उद्योजकतेचेच वाटते. कूपनलिकांनी जमीन उपसून काढलेल्या या शहराला १९९०मध्ये रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पुढे २००६च्या सुमारास जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी ट्रॅक्टरवाल्या मोठ्या शेतकऱ्यांपुढे हिशेब मांडला: स्वतःच्या जमिनीचा दहावा-विसावा हिस्सा तळ्याला द्या, उरलेल्या रानात रब्बीचे नक्की पीक घ्या. सुरुवातीला अनुदान नव्हते, आणि शेततळ्यासाठी कर्ज द्यायचे तर बँकांकडे योजनाच नव्हती. शेतकऱ्यांनी स्वतःचा पैसा घातला. एकाचे पीक पाहून दुसऱ्याने खणले, आणि जिल्ह्यात हजारो ‘रेवासागर’, म्हणजे अशी शेततळी, झाली. बलराम तालाब ही राज्याची अनुदान योजना त्यानंतर आली. शासनाने आधी माणूस पटवला, अनुदान मागाहून दिले. या क्रमाला फार महत्त्व आहे.

मराठी वाचकाला हे नवे वाटू नये. धार-देवास ही पवारांची संस्थाने. पण संस्थानिकाने उद्योजक उभा करण्याचे आपले मोठे उदाहरण औंधचे. लक्ष्मणराव किर्लोस्कर लोखंडी नांगर आधीच बनवत होते. पंतप्रतिनिधींनी त्यांना माळरान दिले आणि १९१०मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज किर्लोस्कर ब्रदर्सचा पंपांचा कारखाना देवासलाही आहे.

पिथमपूर हे धारचेच. १९८०च्या दशकापासून तिथे वाहनांचे कारखाने आले. व्होल्वो-आयशरच्या कारखान्यातली इंजिने युरोपला जातात. सुटे भाग पुरवणारा लघुउद्योजक अशाच ठिकाणी तयार होतो, पण बिलाचे पैसे अडकले की तो बसतो. २००६च्या कायद्याने लघुउद्योगाचे बिल फार तर ४५ दिवसांत चुकते करायचे आहे, आणि १ एप्रिल २०२४पासून मुदतीत न दिलेल्या रकमेची त्या वर्षी प्राप्तिकरात वजावट मिळत नाही. कायदा चोख आहे. पण गिऱ्हाईक तोडायच्या भीतीने लहान पुरवठादार तक्रारच करत नाही. सरकारी कंपन्या आणि खात्यांच्या खरेदीत २५ टक्के माल लघुउद्योगांकडून आणि त्यातच एकूण खरेदीच्या ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून घ्यायचा, असे केंद्राचे धोरण आहे. धारसाठी हा चार टक्क्यांचा आकडा पार्कच्या एकरांपेक्षा मोलाचा आहे.

परदेशी गिऱ्हाईक कागदही मागते. देवासला त्याची किंमत माहीत आहे. २००८मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने रॅनबॅक्सीच्या देवास आणि पांवटा साहिब इथल्या कारखान्यांतली तीसहून अधिक औषधे रोखली. कामाच्या आणि नोंदींच्या शिस्तीचा प्रश्न होता. मोठी कंपनी असा मार खाऊन उभी राहू शकते. चार यंत्रांचा कपडे शिवणारा नाही राहू शकत. त्याला रंगाची, धाग्याची चाचणी शेजारी आणि परवडेल अशा दरात हवी.

म्हणून माझे मागणे सोपे आहे. भैंसोल्यात पहिल्या टप्प्यातच लहान गाळे भाड्याने द्या, विकत नकोत. प्रयोगशाळा आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्र मोठ्या गिरण्यांच्या बरोबरीने त्यांनाही वापरू द्या. भूखंड घेणाऱ्या प्रत्येक कंपनीशी करार करतानाच शिलाई, बटणे, खोकी, दुरुस्ती यांतला ठरावीक हिस्सा जिल्ह्यातल्या माणसाकडून घेण्याची अट घाला. दर हंगामात धारचे मजूर गुजरातेत जातात. त्यांतले काही यंत्रे चालवायला शिकून येतात. पहिले गाळे त्यांना मिळायला हवेत. असेच पीएम मित्र पार्क अमरावतीला, नांदगाव पेठेत होत आहे. तिथले भूखंड वाटप कोणत्या अटींवर होते, हे विदर्भातल्या आमदारांनी आताच विचारायला हवे.