कंबर धरते? सीट बदलण्याआधी शॉकअप बघा

तळेघर : डिंभे, घोडेगाव, मंचर करत दुचाकीवरून पुणं गाठायचं म्हणजे शंभरेक किलोमीटर. राजगुरुनगर येईपर्यंत कंबर धरते, बोटांना मुंग्या येतात. मग पहिला खर्च होतो सीटवर. जाड, मऊ फोम टाकला जातो. दुकानात तो बरा वाटतो. तासाभरात दबतो आणि खालचा पत्रा माकडहाडाला लागतो. त्यापेक्षा थोडा घट्ट फोम बरा. शिवाय सीट उंच होऊन पाय टेकेनासे झाले, तर घाटातल्या धुक्यात गाडी आडवी व्हायला वेळ लागत नाही.

खरं तर आधी मागचे शॉकअप बघावेत. बऱ्याच गाड्यांना स्प्रिंगपाशी खाचांची रिंग असते. डबलसीट किंवा सामान असेल तर ती घट्ट करायची, एकटं जाताना सैल. दोन्ही बाजू एकाच खाचेवर हव्यात. गॅरेजवाल्याचं पाच मिनिटांचं काम. पण कित्येकांची रिंग शोरूममधून आली तशीच असते.

टायरवरचा हवेचा आकडा कमाल असतो, तितकी भरू नये. गाडीचं पुस्तक बघावं. जास्त हवेने प्रत्येक खड्डा मणक्यात जातो, ओल्या रस्त्यावर पकडही कमी होते.

बोटं बधिर होतात ती बऱ्याचदा मनगट वाकल्यामुळे. क्लच-ब्रेकचे लिव्हर थोडे खाली फिरवून घ्या. मग हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून केबल ताणत नाही ना, तेही तपासा.

टाकीवर पोतं ठेवून गुडघे फाकवून बसणाऱ्याला मात्र कुठलीच सीट पुरणार नाही.