लेकराने सांगितलं, तर पुढे काय?

एप्रिल 2019 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यातील एका निवासी शाळेतल्या आदिवासी मुलींवरचे लैंगिक अत्याचार उघडकीस आले. चंद्रपूर-गडचिरोलीतली कितीतरी लहान मुलं आईबापापासून दूर, आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत राहतात. त्यांच्या जवळच्या प्रत्येक मोठ्या माणसाला पुढच्या गोष्टी माहीत हव्यातच.

● कळवणं सक्तीचं : मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या ‘पॉक्सो’ कायदा, 2012 च्या कलम 19 नुसार अशा अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायचं. हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला 1 वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

● जबाब मुलाच्या सोयीने : घरी किंवा मूल सांगेल तिथे, गणवेश न घातलेल्या पोलिसांसमोर. मूल माडिया किंवा गोंडी बोलत असेल तर दुभाषी मागा. याच कायद्याच्या कलम 26 मध्ये तशी तरतूद आहे.

● शाळेत : बदलापूरच्या शाळेतील लहान मुलींवरच्या अत्याचारानंतर ऑगस्ट 2024 मध्ये शासनाने सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठीच्या सखी-सावित्री समितीबाबत शाळांना आदेश दिले. पण पहिलीतलं पोर तक्रारपेटीत टाकायला चिठ्ठी लिहू शकत नाही. त्याचं ऐकून घेणारं विश्वासाचं माणूस शाळेत असलंच पाहिजे.

● मोबाइलवर : कुणी फोटो मागितला, धमकावलं, तर मुलाला रागावू नका. संदेश पुसू नका, नंबर टिपून ठेवा. मुलाचा अश्लील फोटो ग्रुपवर टाकणं हाही गुन्हाच.

● मदत : चाइल्ड हेल्पलाइन 1098, पोलीस 112. दोन्ही मोफत, चोवीस तास.

गावात मिटवामिटवी करू नका. तक्रार करा, मुलाच्या पाठीशी उभे राहा.